मोठं कार्ड की लहान? आमच्याकडच्या लाईनीवर दोन्ही चालवल्यानंतर

गेल्या दोन महिन्यांत तीन जणांनी मला जवळपास एकच प्रश्न विचारला. तिसऱ्याचा तर शब्दशः असा होता: "भाऊ, नागपूरला सेकंडहँड ३०६० भेटून राह्यलं, आन् तेवढ्याच पैशात नवं ३०५० येते. काय करू?" ३०६० आणि ३०५० ही एनव्हिडिया कंपनीची ग्राफिक कार्डं, म्हणजे पीसीत बसवायची, चित्र-व्हिडिओचं जड काम उचलणारी पाटी. तिघांनाही फोनवर तुकड्यातुकड्यानं सांगितलं. आता एकदाच नीट लिहून ठेवतो, म्हणजे चौथ्याला हेच पाठवता येईल.

यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा-दिग्रस पट्ट्यातल्या एका गावात माझं फोटो-व्हिडिओचं दुकान आहे. साक्षगंध, हळद, लग्न, बारसं, कधीमधी शाळेचं गॅदरिंग. रिकाम्या वेळात ऑनलाईन फॉर्म. दोन्ही कार्डं मी स्वतःच्या पैशानं घेतली आणि एकाच डब्यात चालवली: आय५ १०४०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम, मागे ६०० व्हीएचा (व्हीए हे त्याच्या ताकदीचं माप) साधा यूपीएस, म्हणजे लाईन गेली की थोडा वेळ पीसी बॅटरीवर चालवणारं यंत्र. मोजमापाची यंत्रं माझ्याकडे नाहीत. जे सांगतोय ते दीड-दोन वर्षं रोज समोर बसून पाहिलेलं आहे, त्याला तेवढंच वजन द्या.

कागदावरची तुलना पटकन उरकतो. ३०६० मध्ये १२ जीबी मेमरी, ३०५० मध्ये ६. कोअर, म्हणजे एकाच वेळी हिशोब करणारे छोटे भाग, ३५८४ विरुद्ध २३०४, मेमरीचा रस्ता १९२ बिट विरुद्ध ९६. ३०६० उघडउघड मोठं आहे, त्यात वाद घालण्यात अर्थ नाही. पण आमच्यासारख्या एडिटिंगवाल्यांच्या कामाची एक गोष्ट या आकड्यांत दिसत नाही. दोन्ही कार्डं एकाच पिढीची आहेत आणि व्हिडिओ एन्कोड करणारा, म्हणजे तयार फिल्म दाबून तिची फाईल बनवणारा, भाग दोघांत सारखाच आहे. म्हणजे कट, थोडा कलर, वर गाणं, खाली नावाची पट्टी, अशा साध्या लग्नाच्या फिल्मचा एक्स्पोर्ट दोघांवर जवळजवळ बरोबरीनं होतो. फरक पडतो तो नॉईज काढायला, स्लो-मोशनच्या जड इफेक्टला, किंवा फोरकेचे चार थर एकावर एक ठेवले तर. माझ्या दहा कामांपैकी दोनात असं काही असतं.

आणि एक आकडा आहे जो विकणारा मागाहून सांगतो: ३०६० ला १७० वॅट लागतात, ३०५० च्या ६ जीबीवाल्याला ७०. मदरबोर्डची खाच स्वतः ७५ वॅटपर्यंत देऊ शकते. त्यामुळे ३०५० ला वेगळी वायर लागत नाही. ३०६० ला मात्र आठ पिनी केबल एसएमपीएसमधून, म्हणजे पीसीच्या आतल्या वीज पुरवणाऱ्या डब्यातून, आणावी लागते. माझा सगळा ताप इथून सुरू झाला.

मी आधी ३०६० घेतलं. २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियम या आभासी चलनाची ग्राफिक कार्डांवरची मायनिंग (कार्डं रात्रंदिवस चालवून ते चलन कमावणं) बंद झाली, त्यानंतर जुन्या कार्डांचा जो पूर आला त्यातलंच ते असावं. नागपूरला बर्डीवरच्या एका दुकानातून घेतलं, एसटीत मांडीवर ठेवून आणलं. रात्री डबा उघडला तर आठ पिनी केबल एसएमपीएसमध्ये नाहीच. एसएमपीएस कॅबिनेटसोबत फुकटात आलेला, त्याच्याकडून ही अपेक्षाच चूक होती. तरी तसंच कार्ड लावून चालू केलं, तर स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांत ओळ आली की बंद करा आणि कार्डाची पॉवर केबल जोडा. निदान कार्ड जिवंत आहे एवढं कळलं.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या दुकानातून एक जोडणी आणली. दोन मोलेक्स, म्हणजे जुन्या पद्धतीच्या चार पिनी खाचा, एकीकडे, आठ पिन दुसरीकडे. डेस्कटॉप आला, ड्रायव्हर बसला, यूट्यूब चाललं. मी सगळ्यांना फोन करून सांगून मोकळा झालो.

पहिला एक्स्पोर्ट लावला. चार मिनिटांनी टक्! पीसी बंद. निळी स्क्रीन नाही, एरर नाही, पंखे थांबले आणि दोन सेकंदांनी स्वतःहून परत सुरू. परत लावला, परत टक्.

मग मी काय काय केलं त्याची यादी दिली तर तुम्ही हसाल. ड्रायव्हर मुळापासून काढून परत टाकला. रॅम काढून तिचे सोनेरी पट्टे खोडरबरनं घासले, कारण आमच्याकडे कॉम्प्युटरच्या प्रत्येक रोगावर हेच औषध असतं. विंडोज नवीन टाकलं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये "कर्नल-पॉवर ४१" दिसलं, त्याचा मी अर्धा दिवस अभ्यास केला. त्याचा अर्थ फक्त एवढाच की पीसी नीट बंद न होता बंद पडला. ते मला ठाऊकच होतं. शेवटी तिसऱ्या दिवशी डबा उघडा ठेवून एक्स्पोर्ट लावला आणि त्या जोडणीला हात लावला. प्लास्टिक गरम, पिवळी वायर मऊ पडलेली, आणि तापल्या इस्त्रीखाली नायलॉन आल्यावर येतो तसला वास. हात तसाच मागे घेतला.

एसएमपीएस बाहेर काढला. झाकणावर जाड अक्षरांत ४५० वॅट. टॉर्च मारून बाजूचं बारीक लेबल वाचलं. जाळीवर कापसाच्या तंतूंचा थर होता, तो आधी फुंकून काढावा लागला. १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर. बारा गुणिले सोळा, १९२ वॅट. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही याच १२ व्होल्टवर जगतात. एकटं कार्ड १७० मागतं, आय५ १०४०० भरात आला की थोडा वेळ १३४ पर्यंत जाऊ शकतो. वरच्या ४५० चा हिशोब विकणाऱ्यानं कसा लावला ते त्यालाच माहीत. हातात घेतला तर डबा इतका हलका की रिकाम्या टिफिनची आठवण यावी.

तेव्हा निर्णय घ्यायच्या आधी हे एक काम कराच. लेबलावरचा १२ व्होल्टचा अँपिअर बघा आणि बारानं गुणा. झाकणावरचा मोठा आकडा विसरा.

ज्यांनी कार्ड आधीच घेतलंय आणि आता डोकं धरून बसलेत, त्यांच्यासाठी माझा ठोकताळा असा. स्क्रीनवर रंगीत चौकटी, रेघोट्या किंवा ड्रायव्हर अडकून परत येतो, तर संशय कार्डावर किंवा ड्रायव्हरवर. रिकामा असताना पीसी ठणठणीत पण जोर आला की पूर्ण अंधार, तर संशय एसएमपीएसवर. खात्री करायला फुकटची युक्ती आहे: आफ्टरबर्नर नावाच्या प्रोग्रॅममध्ये कार्डाची पॉवर लिमिट, म्हणजे ते किती वीज ओढू शकतं ती मर्यादा, ७० टक्क्यांवर आणा आणि तोच एक्स्पोर्ट परत लावा. आता पार पडला तर बहुतेक चोर सापडला. हिरवी आणि काळी वायर तारेनं जोडून एसएमपीएसचा पंखा फिरवून दाखवणारे खूप आहेत. त्यातून एसएमपीएस जिवंत आहे एवढंच कळतं, ओझं उचलतो की नाही ते कळत नाही. आणि मोलेक्सची जोडणी मी वापरली तशी वापरू नका. साटावाली, म्हणजे हार्ड डिस्कच्या केबलीवरून काढलेली, तर त्याहून वाईट, त्या खाचेतून १२ व्होल्टवर ५४ वॅटच्या वर न्यायचंच नसतं.

तर मी ५५० वॅटचा, ८० प्लस ब्रॉन्झवाला (वीज कमी वाया घालवतो याचा शिक्का) एसएमपीएस मागवला. ३०६० साठी एनव्हिडियाचाही सल्ला ५५० चाच आहे. लेबलावर १२ व्होल्टला ४५ अँपिअर, म्हणजे ५४०. इथे झाकण आणि लेबल एकच भाषा बोलतात. किंमत कार्डाच्या साधारण चौथ्या हिश्शाएवढी. एक गोष्ट आमच्या भागात मुद्दाम बघावी लागते, ती म्हणजे इनपुट. काहींवर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असतं, काहींवर २००-२४०. रब्बीत संध्याकाळी सगळ्या विहिरींवरच्या मोटरी चालू झाल्या की माझ्या घरच्या फ्रिजच्या स्टॅबिलायझरचा काटा १७० वर येऊन थरथरत असतो. पुण्यामुंबईच्या माणसाला हा मुद्दा सुचणारसुद्धा नाही. मी १००-२४० वाला घेतला.

बसवला आणि काय सांगू, तीन महिने सुखाचे गेले. एक्स्पोर्ट, नॉईज रिडक्शन, भाच्याचे गेम, सगळं. त्या तीन महिन्यांत कोणी विचारलं असतं तर मी डोळे मिटून ३०६० सांगितलं असतं.

मग लग्नसराई आली.

आमच्याकडची लाईन तासभर जाते तो प्रश्न नाही. तासभर गेली तर माणूस चहा प्यायला जातो. खरा त्रास त्या झपकीचा. डोळा लवतो तेवढ्यात जाते आणि येते. कुठे फांदी तारेला टेकली, कुठे डीपीवर कोणाची मोटर उचलली, ट्यूबलाईट एकदा मिचकावते आणि झालं. दिवसातून पाच-सात वेळा. जुन्या कार्डाविनाच्या पीसीवर मला या झपक्या कळायच्यादेखील नाहीत, यूपीएस एकदा टीं करायचा आणि गप्प बसायचा.

डिसेंबरातली गोष्ट. नवरीकडच्यांना सकाळी पेनड्राईव्ह पाहिजे होता, पाठवणीआधी घरच्यांना दाखवायचा म्हणून. मी रात्री अकराला एक्स्पोर्ट लावला. बारा वाजता पट्टी शेवटच्या बोटभर जागेत आलेली. झपकी आली. यूपीएसनं टीं टीं केलं नाही, एकच लांब सूर काढला आणि सगळं काळं. मी खुर्चीवरून उठेपर्यंत ट्यूबलाईट लागलेली होती, पंखा फिरत होता, बाजूच्या घरात टीव्हीवर मालिका चालू होती. सगळ्या गावात फक्त माझा पीसी मेला होता. परत शून्यापासून. त्या आठवड्यात असं तीनदा झालं.

कारण शोधायला या वेळी तीन दिवस लागले नाहीत. ६०० व्हीएच्या यूपीएसवर बारीक अक्षरांत ३६० वॅट लिहिलेलं असतं. कार्ड १७०, प्रोसेसर नव्वद-शंभर, बोर्ड, डिस्क, पंखे मिळून चाळीसेक, त्यावर एसएमपीएस स्वतः जे गरम करून उडवतो ते, आणि वर मॉनिटर. बेरीज ३६० च्या आसपास किंवा थोडी वरच जाते. शिवाय ही कार्डं काही मिलिसेकंदांसाठी लिहिलेल्या आकड्याच्याही वर उसळी मारतात. लाईनीवर असताना हे सगळं खपतं, कारण ओझं लाईन उचलते. बॅटरीवर जायच्या त्या क्षणी यूपीएसच्या पोटातली १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी, तीही दोन उन्हाळे खाल्लेली, एकदम गुडघे टेकते. एसएमपीएस कितीही चांगला असला तरी यूपीएसकडून काहीच आलं नाही तर तो सोळा-सतरा मिलिसेकंदांच्या वर तग धरत नाही.

म्हणजे मी एसएमपीएसची गाठ सोडवली आणि ती एक पायरी मागे सरकली.

उपाय केले नाहीत असं नाही. पहिला, कार्डाची पॉवर लिमिट कायमची ७० टक्क्यांवर ठेवली. फरक पडला. नव्या बॅटरीवर झपकी निभून जायची, पण बॅटरी जुनी होत गेली तसं कधी निभायची, कधी नाही. एकदा ड्रायव्हर अपडेट झाल्यावर सेटिंग परत लावायला विसरलो आणि त्याच रात्री आपटलो. शिवाय मनात येत राहिलं की मोठा बैल घ्यायचा आणि त्याला अर्धी वैरण घालायची, तर मग मोठा घेतलाच कशाला?

दुसरा, घरच्या इन्व्हर्टरवर जोडून पाहिला. इन्व्हर्टरच्या मागे दोन मोडचं बटण असतं. साध्या मोडवर बदल व्हायला इतका वेळ लागतो की पीसी रीस्टार्ट होतो. यूपीएस मोडवर बदल झटकन होतो, पण त्या मोडला व्होल्टेज साधारण १८० च्या खाली चालत नाही. आता संध्याकाळी आमच्याकडे १७०. म्हणजे लाईन असूनही इन्व्हर्टर आपला बॅटरीवरच बसलेला. सहा ते दहा बॅटरी खाऊन झाली आणि दहाला खरोखर लाईन गेली की घरात पंखाही नाही, पीसीही नाही. आई दोन दिवस बोलली नाही. (त्यात तो इन्व्हर्टर चौकोनी वेव्हवाला. त्यावर नवा एसएमपीएस घूं घूं करायचा. आतमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी, म्हणजे वीज नीट लयीत ओढणारं सर्किट, असलेल्या काही एसएमपीएसना ती वेव्ह मानवत नाही, माझा निदान चालायचा तरी.)

तिसरा उपाय खरा होता, आणि तो म्हणजे १००० व्हीए, ६०० वॅटचा यूपीएस. चौकशी केली. किंमत ऐकली, दर दोन-अडीच वर्षांनी त्यातल्या बॅटऱ्या बदलायचा खर्च ऐकला आणि घरी आलो. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. स्वस्तात मिळालेल्या कार्डाच्या मागे नवा एसएमपीएस घेतला, आता त्याच्या मागे नवा यूपीएस, आणि ही रांग कुठे थांबेल ते दिसेना.

भाचा नागपूरला शिकायला आहे. त्याच्या खोलीवर लाईन जाते ती महिन्याकाठी एकदा, तीही कळवून. ३०६० मी त्याला दिलं, अर्थात मामा म्हणून भाव थोडा कमी लावून. तो सुखी आहे. ते कार्ड वाईट नव्हतंच, त्याला आमची लाईन झेपली नाही किंवा आमच्या लाईनीला ते झेपलं नाही, कसंही म्हणा.

नवं ३०५० आलं ६ जीबीवालं. इथे एक सावधगिरी. ३०५० नावाची दोन कार्डं बाजारात आहेत. जुनं ८ जीबीवालं १३० वॅटचं आणि त्याला वेगळी केबल लागते. २०२४ च्या फेब्रुवारीत आलेलं ६ जीबीवालं ७० वॅटचं. दुकानदार दोघांनाही "थ्री झिरो फाईव्ह झिरो" म्हणतो. फोटोत कार्डाच्या वरच्या कडेला पिनांची खाच आहे का ते बघूनच पैसे द्या. जुन्या जीटीएक्स १६५० लाही हेच लागू, काही मॉडेलना सहा पिनी खाच असते.

बसवायला पाच मिनिटं लागली. गंमत म्हणून पहिला आठवडा तो जुना टिफिन-एसएमपीएस परत लावून चालवून पाहिला. एनव्हिडिया या कार्डासाठी ३०० वॅटचा एसएमपीएस सांगते, आणि माझ्याकडचे खरे १९२ होते. तरी एकदाही टक् झालं नाही. आठवड्यानंतर ५५० वाला परत बसवला, कारण मे महिन्यात पंचेचाळीसच्या उन्हात त्या टिफिनवर रात्रभर विश्वास टाकून झोप लागली नसती. असे एसएमपीएस मरताना कधीकधी बोर्डलाही सोबत घेऊन जातात. पण ओळखीतले एक सेतूवाले आहेत, त्यांच्याकडे बिनकेबलचं १६५० जुन्याच एसएमपीएसवर कित्येक दिवस चालू आहे, आणि त्यांचं काही बिघडलेलं मी पाहिलं नाही.

आता झपकीचं. ३०५० आल्यावर पहिल्यांदा लाईन मिचकावली तेव्हा मी सवयीनं कपाळाला हात लावला. ट्यूबलाईट गेली, पंख्याची पाती हळू झाली, यूपीएस टीं, टीं, टीं. आणि स्क्रीनवर ती निळी पट्टी पुढे सरकत होती. एकसष्ट, बासष्ट. लाईन आली, टीं बंद झालं, त्रेसष्ट. मी बायकोला हाक मारून दाखवलं. तिला त्यात बघण्यासारखं काय आहे ते कळलं नाही.

लांब गेली तरी आता सेव्ह करून, प्रोग्रॅम बंद करून, शांतपणे शटडाऊन करण्याएवढा वेळ मिळतो. बिडी पिणारा माणूस एक बिडी संपवेल एवढा, असा माझा अंदाज.

बाकीचे फरक थोडक्यात. उन्हाळ्यात ३०६० माझ्या दहा बाय दहाच्या खोलीत आणखी एक शेगडी पेटवल्यासारखं वाटायचं, कूलर असूनही. ३०५० चा पंखा बहुतेक वेळ ऐकू येत नाही. नव्या कार्डाला वॉरंटी आहे, जुन्याला दुकानदाराचा शब्द होता. जिनिंग चालू असलेल्या महिन्यांत दोन्ही कार्डांत तंतू सारखेच जातात, पंधरा दिवसांनी ब्लोअर मारावाच लागतो.

हेही सांगायला हवं की ३०५० वर मला काय सलतं. फोरकेचे तीन कॅमेरे एकत्र लावले की टाईमलाईन अडखळते, प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरती हलकी नक्कल, बनवावी लागते. ३०६० वर नसती लागली. नॉईज काढायला लावलं की मी जेवून येतो, आधी चहा पिऊन यायचो. भाचा सुट्टीत येतो आणि गेम लावून नाक मुरडतो.

तुमच्याकडे ऑफिसमधून निघालेला जुना डेल, एचपी किंवा लेनोव्होचा डबा असेल, जसा आता तालुक्याच्या प्रत्येक दुकानात मिळतो, तर निवड बरीचशी आधीच झालेली आहे. त्यांतल्या बऱ्याच डब्यांत मदरबोर्डला नेहमीच्या २४ पिनी केबलऐवजी त्यांची स्वतःची सहा किंवा आठ पिनी केबल असते, बाजारातला एसएमपीएस सरळ बसत नाही. अडीचशे वॅटचा असला तरी त्यांचा आकडा खरा असतो, आणि त्यावर बिनकेबलचं कार्ड चालून जातं. डबा बारका असेल तर कार्ड आखूड उंचीचं मागा. आणि कोणी स्वस्तात आरएक्स ६४०० देऊ करेल. वॅट फक्त ५३, बघून मोह होतो. पण त्यात व्हिडिओ एन्कोड करायची सोयच नाही, आणि ते चारच लेनवर (बोर्डाशी बोलायच्या वाटांवर) चालत असल्यामुळे जुन्या बोर्डात आणखी मागे पडतं. एडिटिंगवाल्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये.

कार्ड कुठलंही घ्या, आधी अर्थिंग बघा. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ते कार्डाचं किंवा एसएमपीएसचं दुखणं असेलच असं नाही. आमची काळी माती उन्हाळ्यात वीतभर फाटते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. मार्चपासून त्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी टाकतो, झिणझिण्या जातात.

मग घ्यायचं कोणतं? तुम्ही यवतमाळ, अमरावती किंवा नागपूर शहरात असाल, किंवा दुकानात मोठा यूपीएस आधीपासून असेल, तर ३०६० आणि सोबत चांगला एसएमपीएस. मी अडवणार नाही, उलट थोडा हेवा करेन. फक्त गेम खेळायचे असतील तरीही तेच, कारण गेम मध्येच बंद पडला तर नवरीकडचे सकाळी दारात येऊन उभे राहत नाहीत. पण गावात बसून लोकांचं काम वेळेवर द्यायचं असेल, मागे तोच ६०० व्हीएचा यूपीएस असेल आणि पैसे एकदाच खर्च करायचे असतील, तर मला वाटतं लहान कार्ड घ्यावं आणि उरलेल्यात एसएमपीएस बदलावा. माझ्या कामाचा प्रकार वेगळा, तुमचा वेगळा असेल. तरी एक काम करा. आत्ता जो पीसी आहे त्यावर एक एक्स्पोर्ट लावा आणि यूपीएसचा भिंतीतला प्लग काढा. किती वेळ टीं टीं करतो ते बघा. अर्धा मिनिटही काढत नसेल तर ३०६० च्या दुकानदाराला आज फोन करू नका.

तो जुना ४५० वॅटचा एसएमपीएस मी फेकला नाही. दुकानाच्या दाराला टेकू म्हणून ठेवला होता. वारा सुटला की दार त्याला ढकलून पुढे नेतं, म्हणून आता त्याच्यावर वीट ठेवली आहे.